डीसीपी इंटरॉप काढावा की एसएमपीटीई? २५ फ्रेमच्या माहितीपटासाठी सल्ला हवा

गिरणगावची लेक

नमस्कार. लालबाग-परळच्या भजनी मंडळांवरचा माझा ९६ मिनिटांचा माहितीपट पूर्ण झाला आहे. डीआय (रंगदुरुस्ती) आणि ५.१ मिक्स दोन्ही हातात आले आहेत, आता फक्त डीसीपी, म्हणजे थिएटरात चालवायच्या फाइलींचे गाठोडे, काढायचा आहे आणि नेमके तिथेच माझे अडले आहे.

चित्रीकरण सगळे सेकंदाला २५ फ्रेमवर झाले आहे. चाळीतल्या खोल्या, मंडळांची कार्यालये, देवळांचे सभामंडप अशा सगळ्या ठिकाणी ट्यूबलाइटच होत्या, म्हणून कॅमेरामनने सुरुवातीलाच तसे ठरवले होते. ज्यांच्यावर चित्रपट आहे ती मंडळी बहुतेक मूळची सिंधुदुर्गातली असल्यामुळे निम्म्याहून अधिक बोलणे मालवणीत आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या खेळांसाठी प्रमाण मराठीतली सबटायटल आणि बाहेरच्या महोत्सवांसाठी इंग्रजी सबटायटल, अशा दोन आवृत्त्या लागणार आहेत.

अंधेरीतल्या एका लॅबने जे दरपत्रक दिले त्यात 'इंटरॉप, २४ फ्रेम' असे लिहिले आहे. कारण विचारल्यावर "इंटरॉप सगळीकडे चालतो" एवढेच उत्तर मिळाले. एका परदेशी महोत्सवाच्या नियमावलीत मात्र एसएमपीटीई डीसीपीच हवा असे स्पष्ट लिहिले आहे आणि २४ व २५ दोन्ही चालतील असेही म्हटले आहे. गणपतीच्या आधी कोकणात दोन थिएटरांत खेळ करायचे आहेत, तिथल्या एका ऑपरेटरचा निरोप "जुनाच पाठवा" असा आहे. या दोन प्रकारांत नेमका फरक काय, २५ वरून २४ वर गेल्याने माझ्या भजनांचे काय होईल, आणि दोन्ही काढायचे ठरवले तर खर्च खरोखरच दुप्पट होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मास्टररूम

ताई, अभिनंदन. मी अंधेरीतच मास्टरिंगचे काम करतो आणि हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी घेऊन येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून २००२ साली डीसीआय ही संस्था काढली आणि जुलै २००५ मध्ये तिच्या तपशीलपत्राची पहिली आवृत्ती आली. त्या सुमारास डीसीपी चालवणारे सर्व्हर आणि प्रोजेक्टर बाजारात उतरले होते, थिएटरे यंत्रे बसवत होती, पण एसएमपीटीई या चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेच्या समित्यांतली अधिकृत मानके अजून लिहिलीच जात होती. तोवर काम अडू नये म्हणून उत्पादकांनी आपापसांत जुळवून घेतलेली जी बांधणी होती, तिला इंटरॉप म्हणतात. ती तात्पुरतीच होती, पण तात्पुरत्या गोष्टी आपल्या धंद्यात फार काळ टिकतात. इंटरॉप डीसीपीची सीपीएल फाइल (काय कोणत्या क्रमाने चालवायचे त्याची यादी) साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलीत तर अगदी वरच्या ओळीत 'प्रोटो' हा शब्द आणि त्यापुढे २००४०५११ हा आकडा दिसेल. आज काढलेल्या इंटरॉपमध्येही २००४ ची ती तारीख तशीच असते, कारण त्यानंतर त्या बांधणीत कुणी हात घातलेला नाही. आपल्या हाती आलेला डीसीपी कोणता हे ओळखण्याची आणखी सोपी खूण म्हणजे फोल्डरमधली असेटमॅप नावाची फाइल. तिच्या नावापुढे डॉट एक्सएमएल नसेल तर तो इंटरॉप, असेल तर एसएमपीटीई.

चित्राच्या दर्जाची चिंता करू नका. दोन्हीकडे तेच जेपीईजी २०००, तेच १२ बिट, तोच एक्सवायझेड रंग, तीच सेकंदाला २५० मेगाबिटची कमाल मर्यादा आणि ध्वनीसाठी तोच २४ बिटचा पीसीएम. एकाच मास्टरवरून काढलेले दोन डीसीपी शेजारी शेजारी चालवले तर मला स्वतःला पडद्यावर फरक ओळखता येणार नाही. जो फरक आहे तो गाठोडे कसे बांधले यात आहे, आणि तुमच्या चित्रपटापुरता तो दोनच ठिकाणी बोचतो, एक फ्रेम रेट आणि दुसरे सबटायटल.

फ्रेम रेटचे म्हणाल तर इंटरॉपमध्ये २४ आणि ४८ एवढेच धरलेले आहेत. २५ फ्रेमचा इंटरॉप काही सर्व्हर चालवतात, मी चाललेला पाहिलाही आहे, पण तो कुठल्याही लेखी नियमात बसत नाही, त्यामुळे उद्या एखाद्या ठिकाणी तो अडकला तर दाद कुणाकडेच मागता येत नाही. एसएमपीटीईमध्ये २४, २५, ३०, ४८, ५० आणि ६० असे दर रीतसर आहेत. तुमच्या लॅबने दरपत्रकात '२४' लिहिले आहे ते इंटरॉप धरल्यामुळे ओघाने आलेले आहे. तुमचा चित्रपट २५ चा आहे हे त्यांनी बहुधा लक्षातच घेतलेले नाही.

आता तो २४ वर कसा नेतात ते पाहा. तुमच्याकडे ९६ मिनिटांत १,४४,००० फ्रेम आहेत. तेवढ्याच फ्रेम सेकंदाला २४ या गतीने दाखवल्या की चित्रपट बरोबर १०० मिनिटांचा होतो. चित्रात ही संथ गती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण ध्वनी तेवढाच ताणला तर स्वर सुमारे ७० सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतरापैकी पाऊण भागाला थोडा कमी एवढा, खाली येतो. नुसत्या मुलाखती असत्या तर आवाज जरा जड वाटला असता आणि निभावले असते. तुमच्याकडे भजन आहे.

गिरणगावची लेक

हे वाचून पोटात गोळा आला. आमचे मुख्य बुवा काळी दोनमध्ये गातात, आणि डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, प्रसंगात दुसऱ्या बुवांनी पट्टी चढवली हाच त्या प्रसंगाचा कळस आहे. संपूर्ण बारी मी एकही काप न करता सात मिनिटे ठेवली आहे. ती पट्टी उतरलेली कशी चालेल?

मास्टररूम

काळी दोनचे भजन मग काळी दोन आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी, पांढरीच्या जवळ ऐकू येईल. दोन्ही बाऱ्या सारख्याच उतरतील, त्यामुळे चढाओढीतले अंतर टिकेल, पण ज्याने त्या बुवांना प्रत्यक्ष ऐकले आहे त्याला ते खटकल्याशिवाय राहणार नाही. स्वर जागेवर ठेवून केवळ लांबी वाढवण्याची सॉफ्टवेअर आहेत आणि चांगली आहेत. माणसाचा आवाज आणि पेटी त्यांत बरी निभावते, पण टाळ आणि चकी यांचा आघात तीक्ष्ण असतो, तो अशा ताणण्यात किंचित पसरतो. मिक्स करणाऱ्याकडे टाळांचे ट्रॅक वेगळे असतील तर त्यांच्यावर निराळे काम करता येते. तयार ५.१ वर एकदम प्रक्रिया केली तर ते जमत नाही.

म्हणून माझे सरळ मत असे की तुमचा मूळ डीसीपी एसएमपीटीई २५ असावा आणि २४ ची आवृत्ती जिथे खरोखर गरज सिद्ध होईल तिथेच काढावी.

पुढच्या कामासाठी एक सांगून ठेवतो, कारण तुमच्या कॅमेरामनचा हेतू योग्यच होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात आणि २४ फ्रेमला १८० अंशांचे शटर ठेवले की चित्रात लुकलुक येण्याचा धोका असतो. पण शटर १७२.८ अंशांवर नेले तर उघडझाप बरोबर एक पन्नासांश सेकंदाची होते आणि २४ वरही ट्यूबलाइटखाली शांतपणे काम करता येते. चित्रपट थिएटरसाठीच आहे हे आधीपासून माहीत असेल तर हा मार्ग बरा.

बूथमधून

मी तीस वर्षे बूथमध्ये आहे. कार्बन आर्कच्या शेवटच्या दिवसांपासून लेझर प्रोजेक्टरपर्यंत सगळे हाताने चालवले आहे. मास्टररूम यांचे म्हणणे बरोबर आहे, त्यात थिएटरच्या बाजूने थोडी भर घालतो.

ऑपरेटर "जुनाच पाठवा" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दरवेळी मानकाचाच विचार असतो असे नाही. पूर्वी कधीतरी आलेला एखादा डीसीपी अडला, खेळाला उशीर झाला, मालक बोलला आणि तेव्हापासून 'नवा प्रकार नको' हे त्याच्या मनात बसले, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. अडण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा हार्ड डिस्क असते. सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यांना ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ प्रकारात फॉरमॅट केलेली, एकच पार्टिशन असलेली डिस्क हवी असते, आणि आयनोडचा आकार १२८ बाइट ठेवावा असा संकेत आहे. घरच्या लॅपटॉपवर सरळ कॉपी केलेली, एक्सफॅट प्रकारची डिस्क आली की सर्व्हर ती ओळखतच नाही, आणि नाव मात्र एसएमपीटीईचे खराब होते.

तेव्हा ताई, त्या दोन थिएटरांना फोन करून 'इंटरॉप की एसएमपीटीई' असे विचारूच नका. सर्व्हरचे मॉडेल कोणते, त्यातले सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचे, प्रोजेक्टर पहिल्या पिढीचा की दुसऱ्या, आणि सबटायटल प्रोजेक्टर उमटवतो की सर्व्हर, एवढे विचारा. त्यांना सांगता आले नाही तर सर्व्हरच्या पडद्याचा आणि प्रोजेक्टरवरच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो मागवा, तो सगळेच पाठवतात. आणि दोन मिनिटांचा चाचणी डीसीपी पेन ड्राइव्हवर देऊन आधी चालवून घ्या.

चाचणीबद्दल एक अनुभव सांगतो, थिएटरचे नाव घेत नाही. एका महोत्सवात एसएमपीटीई डीसीपी आला, मी सकाळी इन्जेस्ट केला, म्हणजे सर्व्हरवर उतरवून घेतला, पहिली तीन मिनिटे चालवून फोकस, आवाज, मास्किंग सगळे पाहिले आणि समाधानाने पुढच्या कामाला लागलो. चित्रपटाच्या सुरुवातीला नऊ मिनिटे एकही संवाद नव्हता. नवव्या मिनिटाला पात्र बोलू लागले आणि खाली काहीच उमटले नाही, कारण त्या सर्व्हरचे सॉफ्टवेअर जुने होते आणि एसएमपीटीईचा सबटायटल ट्रॅक ते वाचतच नव्हते. सभागृह भरलेले होते, परदेशी दिग्दर्शक पहिल्या रांगेत बसले होते, खेळ थांबवावा लागला. त्या दिवसापासून मी कुठलाही डीसीपी पहिल्या सबटायटलपर्यंत आणि शेवटच्या रिळातल्या एखाद्या सबटायटलपर्यंत नेऊन पाहिल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणत नाही.

जोडाक्षर

सबटायटल हे माझे काम, म्हणून इथे मला थोडे अधिक लिहू द्यावे. इंग्रजी सबटायटलपुरती अडचण लहान आहे. मराठीची मोठी आहे आणि ती लॅबवाल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

डीसीपीमध्ये सबटायटल दोन प्रकारांनी जातात. एका प्रकारात अक्षरे मजकूर म्हणून जातात, सोबत फॉन्टची फाइल जाते आणि थिएटरमधला सर्व्हर किंवा प्रोजेक्टर त्या क्षणी ती अक्षरे रेखाटतो. रोमन लिपीत एकापुढे एक अक्षर ठेवले की काम संपते. देवनागरीत तसे होत नाही. 'विठ्ठल' हा शब्द घ्या. मजकुराच्या फाइलीत आधी व आणि मग ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो, आणि रेखाटणाऱ्याने ती वेलांटी उचलून व च्या आधी मांडायची असते, शिवाय दोन ठ एकाखाली एक जोडायचे असतात. ज्या यंत्राला हे येत नाही ते व, मग वेलांटी, मग पाय मोडलेला ठ, मग दुसरा ठ असे सुटे सुटे छापते. 'कीर्तन' मध्ये रफार त च्या डोक्यावर जाण्याऐवजी र पाय मोडून आधी उभा राहतो. मी हे पडद्यावर चाळीस फुटांवर पाहिले आहे. भजनाच्या चित्रपटात विठ्ठलाचे नाव असे उमटलेले कुणालाही पाहवणार नाही. आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्रात रेखाटणारा भाग वेगळा असल्यामुळे एका थिएटरात बरोबर दिसले म्हणून दुसऱ्यात दिसेलच असे सांगता येत नाही.

यावर खात्रीचे उपाय दोनच आहेत. एक, मराठी सबटायटल चित्रातच कायमची छापणे, म्हणजे बर्न-इन. दुसरा, प्रत्येक सबटायटल आपल्या संगणकावर नीट रेखाटून पीएनजी चित्र म्हणून देणे, म्हणजे थिएटरच्या यंत्राला अक्षर जुळवावे लागत नाही, ते फक्त चित्र ठेवते. पीएनजी दोन्ही मानकांत चालते, पण कसे चालते ते पाहा. इंटरॉपमध्ये सबटायटलची एक्सएमएल फाइल आणि प्रत्येक पीएनजी फोल्डरमध्ये सुटी पडलेली असते. तुमच्या चित्रपटात हजार-बाराशे सबटायटल असतील, तर हजार-बाराशे सुट्या फाइली झाल्या, आणि कॉपी करताना त्यातली एक जरी राहिली तरी इन्जेस्ट अडू शकतो. एसएमपीटीईमध्ये एका रिळाची सगळी सबटायटल एकाच एमएक्सएफ फाइलीत बांधलेली असतात. शिवाय चित्रपट कुलूपबंद केला, म्हणजे केडीएमवर (डिजिटल किल्लीवर) दिला, तर एसएमपीटीईत सबटायटलही कुलूपबंद करता येतात. इंटरॉपमध्ये चित्र आणि ध्वनी कुलपात असले तरी सगळे संवाद वेळेसकट उघड्या फाइलीत राहतात.

वेळेचाही एक बारीक भेद आहे. इंटरॉपमध्ये सबटायटलची वेळ सेकंदाच्या २५० व्या भागात, म्हणजे चार-चार मिलिसेकंदांच्या टप्प्यांत लिहितात, एसएमपीटीईत ती फ्रेमच्या मोजणीत लिहिता येते. २५ च्या यादीवरून २४ ची यादी करताना कुणी वेळा न ताणता तशाच ठेवल्या तर शेवटच्या प्रसंगात सबटायटल चार मिनिटे आधी येतील. हे ऐकायला अशक्य वाटते, पण माझ्याकडे असे काम दुरुस्तीला आलेले आहे.

एसएमपीटीईचा जो सध्याचा व्यवहारातला आराखडा आहे, बीव्ही २.१, तो २०२० साली आरडीडी ५२ या क्रमांकाचा दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाला. त्यातले सबटायटलचे नियम मला मनापासून आवडतात, कारण ते वाचणाऱ्याच्या बाजूचे आहेत. पहिले सबटायटल सुरुवातीपासून चार सेकंदांच्या आत नको, कुठलेही सबटायटल १५ फ्रेमपेक्षा कमी काळ नको, दोहोंच्या मधे किमान दोन फ्रेम मोकळ्या हव्यात आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त ओळी नकोत.

तालुक्याचा वितरक

मी थोडा वेगळा विचार मांडतो. मी वीस वर्षे मराठी चित्रपट तालुक्याच्या गावांत लावत आलो आहे. वरची सगळी चर्चा मुंबईतल्या सोयीची आहे. चिपळूण-कणकवलीकडे खेळ दुपारी तीनचा, डिस्क एसटीच्या पार्सलने सकाळी अकराला पोचते, तिथे चाचणी कोण घेणार आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोण वाचणार? इंटरॉप २४, सबटायटल बर्न-इन, एवढे दिले की माझा माणूस निर्धास्त झोपतो. एकच प्रकार काढा आणि तो असा काढा की सर्वांत जुन्या यंत्रावरही चालेल, हे मी प्रत्येक निर्मात्याला सांगतो. आणखी एक, या गावांतले कितीतरी पडदे डीसीआयचे नाहीतच. तिथे यूएफओ किंवा क्यूबची ई-सिनेमा यंत्रणा आहे, त्यांची फाइल ते स्वतः तयार करतात, तिथे तुमचा डीसीपी लागतच नाही.

मास्टररूम

ई-सिनेमाचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मी सुरुवातीलाच लिहायला हवा होता. ताईंनी कोकणातल्या दोन्ही थिएटरांना हे सर्वांत आधी विचारावे.

बाकीच्या म्हणण्याबद्दल, दादा, मूळ चित्रपट २४ चा असता आणि सबटायटल नसती किंवा बर्न-इन असती, तर मी तुमच्याशी वाद घातला नसता. अशा चित्रपटाचा इंटरॉप खरोखरच जवळपास सगळीकडे चालतो, आणि मीही तो आजही काढून देतो. पण २५ चा चित्रपट 'सर्वांत जुन्या यंत्रासाठी' म्हणून २४ वर नेला की त्याची किंमत सर्वांत चांगल्या यंत्रासमोर बसलेला प्रेक्षकही मोजतो. दोन थिएटरांसाठी सगळ्यांचे भजन उतरवायचे हा हिशेब मला पटत नाही. त्या दोघांना वेगळी आवृत्ती द्यावी.

शिवाय इंटरॉप जिथे थांबला तिथेच थांबलेला आहे. मार्च २०२४ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने श्रवणदोष व दृष्टिदोष असलेल्या प्रेक्षकांना चित्रपटगृहात चित्रपट पाहता यावा यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्या दृष्टीने ध्वनीच्या वाहिन्यांतली सातवी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आणि आठवी दृश्यवर्णनासाठी वापरण्याचा संकेत आहे, आणि कोणत्या वाहिनीत काय आहे याचे लेबल फाइलीच्या आतच लिहून ठेवण्याची रीतसर सोय एसएमपीटीईमध्ये आहे. आज दृश्यवर्णन केलेले नसले तरी उद्या ते जोडायचे झाल्यास मूळ डीसीपी एसएमपीटीई असलेला बरा.

खर्चाचे उत्तर राहिले होते. दुप्पट होत नाही. फ्रेम रेट तोच असेल तर जेपीईजी २००० च्या फ्रेम एकदाच तयार होतात आणि दुसऱ्या मानकासाठी त्या पुन्हा न दाबता फक्त नव्याने बांधायच्या असतात. वेळ लागतो तो प्रत्येक आवृत्ती डोळ्यांनी तपासण्यात, आणि त्याचे पैसे द्यावेत, ते वाया जात नाहीत. २५ वरून २४ करताना ध्वनीचे काम मात्र खरे वाढते.

गिरणगावची लेक

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न आहे. मूळ डीसीपी एक ठेवून इंग्रजी सबटायटलची फक्त छोटी जोड-आवृत्ती देता येते असे ऐकले आहे. ती जोड इंटरॉपलाही लागू पडेल का?

मास्टररूम

नाही. मूळ आवृत्ती आणि जोड-आवृत्ती, म्हणजे ओव्ही आणि व्हीएफ, दोन्ही एकाच मानकातल्या हव्यात आणि फ्रेम रेटही एकच हवा. एसएमपीटीई २५ च्या ओव्हीला एसएमपीटीई २५ चीच जोड. तुमच्यासाठी रचना सोपी आहे. सबटायटल नसलेली ओव्ही, तिच्यावर मराठी पीएनजीची एक व्हीएफ आणि इंग्रजीची दुसरी. व्हीएफचा आकार अगदी लहान असतो, कारण तिच्यात चित्र नसते. फक्त महोत्सवाला पाठवताना ओव्ही आणि व्हीएफ दोन्ही पाठवल्या आहेत ना, हे दोनदा पाहा. नुसती व्हीएफ पोचली तर चालवायला काहीच नसते.

गिरणगावची लेक

सहा आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. जे घडले ते इथे नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

लॅबला २५ चा मुद्दा दाखवल्यावर त्यांनी काहीही वाद न घालता दरपत्रक बदलले. एसएमपीटीई २५ ची ओव्ही आणि दोन व्हीएफ तयार झाल्या. मराठी सबटायटल पीएनजीतच केली. जोडाक्षर यांनी सुचवले म्हणून अक्षरांना बारीक काळी कडा दिली, कारण कीर्तनाच्या प्रसंगात खाली सगळी पांढरी धोतरे आहेत. मुंबईतल्या पहिल्या खेळाच्या आदल्या रात्री दोन वाजता चाचणी झाली. मी स्वतः मागच्या रांगेत बसून डबलबारी ऐकली. पेटीवाल्या काकांना मुद्दाम सोबत नेले होते. त्यांनी मोबाइलवर पट्टी लावून पाहिली आणि "काळी दोन आहे" एवढेच म्हणाले.

कोकणातल्या दोघांपैकी पहिल्या थिएटरचा फोटो आला, यंत्रणा डीसीआयचीच निघाली. चाचणी डीसीपीत चित्र आणि आवाज २५ वर व्यवस्थित चालले, पण सबटायटल उमटली नाहीत, अगदी बूथमधून यांनी सांगितले तसेच. त्यांना मराठी बर्न-इन असलेली एसएमपीटीई २५ दिली आणि खेळ विनातक्रार झाला. म्हणजे ज्या ठिकाणी "जुनाच पाठवा" म्हणाले होते तिथे इंटरॉप लागलाच नाही. दुसऱ्या थिएटरच्या सर्व्हरने मात्र २५ घेतलेच नाही. त्यांच्यासाठी इंटरॉप २४ बर्न-इनसह काढला. मिक्स करणाऱ्याने टाळ आणि चकीचे ट्रॅक वेगळे काढून, स्वर जागेवर ठेवून ध्वनी ताणून दिला, त्यात त्याचे तीन दिवस गेले. तो खेळ मी पाहिला. पट्टी बरोबर होती. गजर वाढत जातो तिथे टाळ मला किंचित मऊ वाटले, इतरांपैकी कुणी काही म्हणाले नाही. तालुक्याचा वितरक यांनी तिथली वेळ ठरवायला आणि डिस्क पोचवायला मदत केली, त्यांचे वेगळे आभार.

बूथमधून

फार बरे वाटले. आता तुमच्याकडे ओव्ही, दोन व्हीएफ, बर्न-इन आणि इंटरॉप अशा पाच गोष्टी झाल्या आहेत. प्रत्येक डिस्कच्या डब्यावर मानक, फ्रेम रेट, सबटायटलची भाषा व प्रकार, आणि एकूण वेळ मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून चिकटवा. ९६ मिनिटे आणि १०० मिनिटे हा फरक लिहिलेला दिसला की ऑपरेटरला हातात कोणती डिस्क आहे ते लगेच कळते, आणि मध्यंतराची वेळही तो त्यावरूनच लावतो.